दहा हजार गेमचा डबा घेऊ नका

आमच्या कोर्सचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. एरवी त्यावर वाढदिवस, बदल्या आणि गुडघेदुखी एवढेच विषय असतात. गेल्या महिन्यात एकाने विचारलं, "पोराला आपल्या लहानपणीचे गेम दाखवायचे आहेत. रेट्रो कन्सोल कुठला घेऊ?" तासाभरात साठ उत्तरं आली. खडकवासल्यात तीन वर्षं एका मेसमध्ये जेवलेली माणसं एवढ्या हिरिरीने कधी चीनबद्दलही भांडली नव्हती.

भांडणात तीन पक्ष होते. पहिला म्हणाला, ऑनलाइन दीड-दोन हजारांत एक छोटी काडी मिळते, टीव्हीच्या एचडीएमआयला लावायची, आत दहा हजार गेम. दुसरा म्हणाला, असलं काही नको, जपानहून अस्सल जुनं मशीन मागव. तिसरा म्हणाला, खर्च कशाला, फोनवर इम्युलेटर टाक, सगळं फुकट. मी त्या दिवशी गप्प राहिलो, कारण मला जे म्हणायचं होतं ते व्हॉट्सअ‍ॅपवर मावणारं नव्हतं. ते इथे लिहितो. माझ्या मते तिघंही चुकत आहेत.

आधी हे बघू, की आपल्याला नक्की कशाची आठवण येते. अमेरिकेतले आणि जपानमधले लोक रेट्रो म्हणतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर त्यांच्या घरात असलेलं मशीन असतं. निंटेंडोचा फॅमिकॉम जपानमध्ये १५ जुलै १९८३ रोजी आला, पुढे दोन वर्षांनी अमेरिकेत तोच एनईएस म्हणून विकला गेला. आपल्याकडे जे आलं ते त्या फॅमिकॉमची नक्कल होती. 'लिटल मास्टर', 'मीडिया', 'टर्मिनेटर' अशी नावं, पिवळ्या रंगाच्या कॅसेटी, आणि लागली नाही की कॅसेट काढून तिच्यात मारलेली फुंकर. कराडला आमच्या गल्लीत कॅसेटवाला तासाच्या भाड्याने तो डबा द्यायचा. आम्ही पाच जण वर्गणी काढायचो आणि घड्याळ लावून खेळायचो.

अस्सल माल आलाच नाही असं नाही. १९९५ मध्ये शॉ वॉलेस कंपनीने सेगाचा मेगा ड्राइव्ह भारतात विकायला काढला. किंमत होती १८ हजार रुपये. माझ्या वडिलांचा चार महिन्यांचा पगार. आमच्या आख्ख्या शाळेत तो कुणाकडे नव्हता.

म्हणून 'अस्सल घ्या' म्हणणाऱ्या मित्राला माझा सवाल आहे: कुणाचं अस्सल? जपानी मुलाच्या बालपणाचं? तू कधी हातात न धरलेल्या मशीनसाठी कस्टम ड्युटी भरून हजारो रुपये घालवणार, आणि त्याला आठवण म्हणणार. संग्रह करायचा असेल तर खुशाल कर, तो चांगला छंद आहे. पण पोराला आपलं बालपण दाखवतोय असं म्हणू नको.

आता दहा हजार गेमची काडी. आमच्या पिढीला हा आकडा नवा नाही. त्या पिवळ्या कॅसेटवरही '९९९९९९ इन वन' असं छापलेलं असायचं. यादी उघडली की कळायचं, गेम सात-आठच. तोच मारिओ पंचवीस नावांनी, कुठे दुसऱ्या टप्प्यापासून सुरू, कुठे तिसऱ्या. दहा वर्षांचे असताना आपण फसलो ते ठीक. पंचेचाळिसाव्या वर्षी त्याच आकड्याला भुलायचं?

आणि आज तो आकडा खरा असला तरी त्याला किंमत नाही. १९८५ चा 'सुपर मारिओ ब्रदर्स' हा गेम अवघा ४० किलोबाइटचा आहे. आत्याबाई रोज सकाळी 'शुभ प्रभात'चं जे चित्र पाठवतात ते त्याहून मोठं असतं. विकणाऱ्याला दहा हजार गेम भरायला एका मेमरी कार्डाचा खर्च येतो, आणि त्या गेमच्या मालकांना तो एक पैसाही देत नाही. म्हणजे तुम्ही पैसे देता ते चोरलेल्या मालाच्या संख्येला. त्या काडीबरोबर येणारे दोन कंट्रोलर महिनाभरात कुरकुरायला लागतात, आणि उघडून बघावं तर दुरुस्त करण्यासारखं आत काही नसतं.

यातला अँड्रॉइडवर चालणारा प्रकार असेल तर आणखी एक धोका. कारखान्यातूनच घातक सॉफ्टवेअर भरून आलेले स्वस्त अँड्रॉइड टीव्ही बॉक्स २०२३ मध्ये उघडकीला आले, आणि २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने अशा उपकरणांबद्दल जाहीर इशारा दिला. ज्याचा बनवणारा कोण हे ठाऊक नाही असला डबा आपण घरच्या वाय-फायला जोडतो. गेटवर अनोळखी माणसाचं ओळखपत्र तपासणारे आपण, आणि घरात हे.

बड्या कंपन्यांच्या 'मिनी' आवृत्त्यांचंही मला कौतुक नाही. २०१६ च्या एनईएस क्लासिकमध्ये ३० गेम, पण त्यात एकही कॅसेट घालायची सोय नाही. २०१८ च्या डिसेंबरात आलेल्या प्लेस्टेशन क्लासिकमध्ये २० गेम, त्यातले काही युरोपातल्या टीव्हीसाठी केलेले, सेकंदाला ५० चित्रांवर चालणारे, म्हणून हळू. आत चालत होता तो इम्युलेटर हौशी लोकांनी लिहून फुकट वाटलेला. एवढं करून किंमत शंभर डॉलर, आणि काही महिन्यांतच दुकानदारांनी ती निम्म्याहून खाली आणली.

राहिला फोनवाला मित्र. फुकट आहे, खरं. पण फोनवर कॉन्ट्रा खेळणारा मुलगा आणि फोनवर रील बघणारा मुलगा लांबून सारखेच दिसतात. दोघांची मान खाली आणि दोघंही एकटे.

माझं मत कसं बनलं ते सांगतो. काही वर्षांपूर्वी मी एका उंचावरच्या ठिकाणी होतो. जागेचं नाव नको. वर्षातले सहा महिने रस्ता बंद, नेटवर्क नावापुरतं. जवानांच्या करमणुकीच्या खोलीसाठी आम्ही फंडातून एक नवाकोरा कन्सोल घेतला. खोका उघडला, टीव्हीला लावला, तबकडी घातली. पडद्यावर आलं: आधी अपडेट उतरवा. कित्येक गिगाबाइट. आमच्याकडे घरी फोन लावायला रांग होती, तिथे अपडेट कुठून उतरवणार? दुसरा गेम लावला, तो म्हणाला आधी खातं उघडा. ते काळं चकचकीत यंत्र दोन महिने टीव्हीखाली धूळ खात पडलं.

मग सुट्टीवरून परत आलेल्या एका नाईकाने आपल्या बिस्तऱ्यातून एक जुना प्लेस्टेशन २ काढला. भावाचा होता, घरी पडून होता म्हणाला. सोबत चार तबकड्या, त्यात 'क्रिकेट ०७'. लावला आणि चालू झाला. त्या हिवाळ्यात त्या खोलीत रोज रात्री स्पर्धा व्हायच्या. पाच षटकांचा सामना, हरेल तो उठेल, मागे रांग. मी एकदा बसलो आणि दुसऱ्याच षटकात माझे तीन गडी गेले. मागून एक हवालदार अत्यंत अदबीने म्हणाला, "साहेब, झालं तुमचं. उठा." मी उठलो. रँक त्या खोलीच्या दाराबाहेर राहायची, आणि एक कमांडिंग ऑफिसर शंभर भाषणांत जे करू शकत नाही ते त्या खोलीत आपोआप होत होतं.

तेव्हापासून माझ्या तीन कसोट्या आहेत. जुना असो वा नवा, कन्सोल घेताना त्याच लावतो. पहिली: नेटवर्क नसताना चालेल का? दुसरी: बिघडला तर बाजारातला कारागीर उघडून दुरुस्त करेल का? तिसरी: दुसरा माणूस शेजारी बसला तर खेळाची मजा वाढते का?

पहिल्या कसोटीला लोक हसतात. "बंगळुरूत नेटवर्क नाही असं कुठे असतं?" बंगळुरूत असतं हो. पण मुद्दा सिग्नलचा नाही, मालकीचा आहे. युबिसॉफ्टचा 'द क्रू' हा गाड्यांचा गेम २०१४ मध्ये आला. लोकांनी पूर्ण पैसे देऊन तबकड्या घेतल्या. ३१ मार्च २०२४ रोजी कंपनीने सर्व्हर बंद केले आणि एकट्याने खेळायचा भागही त्याच दिवशी मेला. तबकडी कपाटात आहे, पण तिचा उपयोग चहाचा कप ठेवायला. निंटेंडोने मार्च २०२३ मध्ये थ्रीडीएस आणि वी यू या मशीनची ऑनलाइन दुकानं बंद केली. तिथे फक्त डिजिटल मिळणारे गेम त्यानंतर विकत घ्यायची सोयच उरली नाही. अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशनने २०२३ मध्ये पाहणी केली, तेव्हा २०१० पूर्वी अमेरिकेत आलेल्या गेमपैकी ८७ टक्के गेम बाजारात कुठेच मिळत नाहीत असं दिसलं. आज 'विकत घ्या' या बटणामागे मिळतो तो परवाना, आणि परवाना देणारा तो काढूनही घेतो. सरकारी क्वार्टरमध्ये वीस वर्षं राहिलेल्या माणसाला घर आणि परवाना यातला फरक वेगळा समजवावा लागत नाही.

या तिन्ही कसोट्यांवर भारतीय माणसाने आज घ्यावा असा रेट्रो कन्सोल माझ्या मते एकच आहे: जुन्या बाजारातला प्लेस्टेशन २.

मार्च २००० मध्ये तो जपानमध्ये आला आणि जवळजवळ तेरा वर्षं बनत राहिला. जगभर १५ कोटींहून अधिक विकला गेला. म्हणून सुटे भाग मिळतात आणि दुरुस्त करणारे हातही मिळतात. गेम तबकडीवर, प्रगती ८ मेगाबाइटच्या मेमरी कार्डावर, खातं नाही, पासवर्ड नाही. पुढे दोन कंट्रोलरच्या जागा. पहिल्या प्लेस्टेशनचे गेमही त्यावर चालतात, म्हणजे एका डब्यात दोन पिढ्या.

आणि मुख्य म्हणजे, आपल्याकडे जो कन्सोल खऱ्या अर्थाने घराघरांत पोचला, तो हा. 'क्रिकेट ०७' नोव्हेंबर २००६ मध्ये फक्त पीसी आणि प्लेस्टेशन २ साठी निघाला. त्यानंतर ईएने क्रिकेटचा मोठा गेम काढला नाही, आणि आज तो कुठल्याही डिजिटल दुकानात विकत मिळत नाही. रिची बेनॉचं समालोचन ऐकायचं तर जुनी तबकडीच शोधावी लागते. २००९ मध्ये हैदराबादेत घडवलेला 'हनुमान: बॉय वॉरियर' याच मशीनसाठी आला. त्याच वर्षी 'देसी अड्डा' आला, त्यात कबड्डी आणि विटीदांडू. खरं सांगायचं तर 'हनुमान' अगदीच सुमार आहे, समीक्षकांनी त्याला धुतला ते योग्यच होतं. पण आपल्या लोकांनी कन्सोलसाठी केलेल्या पहिल्या प्रयत्नांपैकी तो आहे. जपानचा प्रत्येक फुसका गेम जपून ठेवणारे संग्राहक आपल्यात आहेत, आणि 'देसी अड्डा'ची तबकडी रद्दीत जाते. याचा मला राग येतो.

आता आक्षेप. "हा कसला रेट्रो? आपलं बालपण मारिओ-कॉन्ट्राचं." कबूल. पण त्याला पंचवीस वर्षं उलटून गेली, आणि १९९५ मध्ये आपण ज्या फॅमिकॉमची नक्कल खेळत होतो तो तेव्हा फक्त बारा वर्षांचा होता. कॉन्ट्राच हवा असेल तर कोनामीने २०१९ मध्ये जुन्या कॉन्ट्रांचा संच काढला आहे, पीसीवर विकत मिळतो. तोही परवानाच आहे हे मला मान्य आहे, पण निदान पैसे ज्याचे त्याला जातात.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे. "तू चोरीच्या मालाबद्दल बोलतोस, पण आपलं सगळं लहानपण चोरीच्याच कॅसेटींवर गेलं. आणि त्या नाईकाच्या चार तबकड्या काय अस्सल होत्या?" नव्हत्या. तीन तर मार्करने नाव लिहिलेल्या होत्या. मी तेव्हा काही बोललो नाही, आणि त्याचं समर्थनही करत नाही. कराडच्या पोराकडे दुसरा मार्ग नव्हता. मेजरचा पगार घेणाऱ्या माणसाकडे होता. मग आता तरी नीट वागू. आपला कॉपीराइट कायदा, १९५७ चा, कलम ५२ मध्ये सांगतो की संगणक प्रोग्रामची प्रत ज्याच्याकडे रीतसर आहे त्याने ती नष्ट होण्याची भीती म्हणून जादा प्रत काढून ठेवली तर तो गुन्हा नाही. म्हणजे अस्सल तबकडी घ्या, प्रत काढा, मूळ कपाटात जपा. इंटरनेटवरून दहा हजार उतरवून घेणं या सवलतीत बसत नाही.

तिसरा आक्षेप माझ्या सासूबाईंचा: गेम म्हणजे जुगार. त्यांना दोष देत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदी घातली, आणि तो धंदा करणाऱ्या काही कंपन्या याच बंगळुरूतल्या. पण ज्या खेळात एकदा पैसे दिले की पुढे पाकीट काढावं लागत नाही, तो पत्त्यांच्या जोडासारखा आहे. घरात पत्ते असतात म्हणून कुणी घराला जुगाराचा अड्डा म्हणत नाही.

इथे बंगळुरूत पोस्टिंगवर आल्यावर मी स्वतः घेतला तो असा. एका रविवारी बारा वर्षांच्या लेकीला घेऊन सदर पत्रप्पा रोडवर गेलो, म्हणजे सगळं शहर ज्याला एस. पी. रोड म्हणतं तिथे. अरुंद गल्ल्या, वर वायरींचं जाळं, प्रत्येक गाळ्यात एक माणूस सोल्डरिंग करत बसलेला. दोन दुकानांत नुसती मान हलली. तिसऱ्याने माळ्यावरून एक काळा स्लिम डबा काढला. साडेचार हजारांत सौदा झाला, दोन कंट्रोलरसकट.

तुम्ही गेलात तर एवढं बघून घ्या. तबकड्या सोबत न्या. प्लेस्टेशन २ चे काही गेम निळसर पाठीच्या सीडीवर असतात, बाकीचे चंदेरी डीव्हीडीवर. दोन्ही लावून बघा, कारण लेन्स दमली की एक प्रकार चालतो आणि दुसरा चालत नाही. लेन्स बदलता येते, पण ते भावात धरा. स्लिमच्या बहुतेक मॉडेलना बाहेरचा अ‍ॅडॉप्टर लागतो, ८.५ व्होल्टचा. दुकानदार 'कोणताही चालतो' म्हणाला तर त्या दुकानातून निघा. मशीन आणि तबकडी एकाच प्रदेशाची आहे ना, ते विचारा: जपान, अमेरिका आणि युरोप यांच्या तबकड्या एकमेकांच्या मशीनवर चालत नाहीत. मेमरी कार्डावर एकदा सेव्ह करून, मशीन बंद करून, पुन्हा उघडून बघा.

टीव्हीचाही विचार करा. नव्या टीव्हीला पिवळी-लाल-पांढरी पिन लावायची जागा बहुधा नसते. स्वस्त कन्व्हर्टरने चित्र दिसतं, पण बटण दाबल्यावर किंचित उशीर होतो, आणि क्रिकेटमध्ये तेवढ्यात विकेट जाते. जमलं तर भंगारवाल्याकडून जुना जाडा टीव्ही घ्या. बदकं मारायची ती बंदूक आठवते? ती जुन्या टीव्हीवरच चालते. चाप ओढला की पडदा क्षणभर काळा होतो, बदकाच्या जागी पांढरा चौकोन येतो, आणि बंदूक तो उजेड बघते. नव्या टीव्हीवर तो चौकोन उशिरा येतो, आणि नेम बरोबर असूनही बदक उडून जातं. फक्त तो जाडा टीव्ही स्वतः उघडू नका. बंद असला तरी नळीत हजारो व्होल्ट साठून राहू शकतात.

आमच्या डब्याने तिसऱ्या महिन्यात तबकडी वाचणं सोडलं. लेकीचा चेहरा पडला. पुन्हा एस. पी. रोड. कारागिराने स्टूल पुढे सरकवला आणि तिला म्हणाला, "बेटा, देखो." चार स्क्रू, झाकण, आतली इवलीशी लेन्स. त्याने कापसाने पुसली, नाही चालली, मग बदलली. वीस मिनिटं लागली. परतताना रिक्षात ती म्हणाली, "बाबा, पुढच्या वेळी मी करते." घरातल्या कुठल्याही वस्तूबद्दल हे वाक्य मी तिच्या तोंडून याआधी ऐकलं नव्हतं. तिच्या टॅबलेटला तर स्क्रूच नाहीत.

पुढच्या वर्षी माझी बदली आहे, बहुधा पुन्हा फिल्डवर. कुटुंब इथेच राहील. डबा कुणाकडे राहणार यावरून सध्या वाटाघाटी चालू आहेत. माझं म्हणणं, तो ट्रंकेत घालून मी वर न्यावा, जवान खेळतील. लेकीचं म्हणणं, बाबा सुट्टीवर आला की खेळायला घरीच हवा. मला वाटतं दुसरा घ्यावा लागेल. ग्रुपवर कुणाकडे पडून असेल तर कळवा. आणि 'क्रिकेट ०७'ची अस्सल तबकडी असेल तर आधी कळवा.